चार कातडी, एक तुमतुम: कानोतल्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२४, रविवार

तुमतुम म्हणजे उत्तर नायजेरियातल्या हौसा लोकांच्या घरातली बसायची चामड्याची गादी. मोठ्या डग्ग्यासारखी गोल, वरून तांबड्या-काळ्या पाकळ्या. तिथल्या कानो शहरात तीन वर्षं काढली, प्लास्टिकच्या कारखान्यात मेन्टेनन्स बघतो, आणि कोफर वाम्बाईच्या बाजारात जाऊन दर वेळी तुमतुम उलटून, शिवण बघून परत ठेवतो. या वेळी ठरवलं, कच्च्या कातड्यापासून स्वतः करायचा. त्या नोंदी इथे लिहून ठेवतोय. कोणी हाच उद्योग करणार असेल तर त्याचं एखादं कातडं तरी वाचावं.

मुळात डोक्यात हे घुसलं बाभळीमुळे. जुन्या शहरात माजेमाच्या गल्लीत (माजेमा म्हणजेच कातडी कमावणारे) एका म्हाताऱ्या कारागिरापुढे शेंगांचा ढीग पडला होता. हौसात त्यांना बगारुवा म्हणतात. हातात घेतल्याबरोबर ओळखल्या. बाभूळ! मी माणदेशातला, आमच्याकडे दुसरं उगवतं काय? पण आमच्या ढोरवाड्यात कातडी कशी कमावतात ते बघायला लहानपणी मी कधी पाऊल टाकलं नाही, टाकू दिलं नाही. कोल्हापुरीचं कातडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावतात हे पुस्तकात वाचलेलं. प्रत्यक्ष हात घालायला सहारा ओलांडून यावं लागलं.

त्या म्हाताऱ्यांना सगळे बाबा म्हणतात. हौसातही बाबाच, त्यामुळे माझी सोय झाली. ते मला ‘इंजिनिया’ म्हणतात.

आज चार शेळीची कातडी घेतली, दीड हजार नायरा एक. (२०२४ च्या शेवटी साधारण २० नायराला एक रुपया होता.) तीन ताजी, एक मीठ लावून वाळवलेलं. शेळी इकडची आखूड केसांची तांबडी, सोकोटो जातीची. नायजरमध्ये तिचीच बहीण मराडीची तांबडी शेळी. कातडं पातळ आणि घट्ट, म्हणूनच नाव कमावून आहे.

घेताना एक चूक झाली. मी केसांकडची बाजू बघून निवडली. बघायची ती मांसाकडची, तीही उजेडासमोर धरून. सोलताना सुरी लागलेले अर्धवट काप तिथेच दिसतात. एका कातड्यात असे पाच निघाले.

हिशेब: वरचं वर्तुळ ५० सेंमी व्यासाचं, बाजूची पट्टी ३० सेंमी उंच, खालचा तळ. मिळून पाऊण चौरस मीटरच्या वर, कतरण धरून एक. एका कातड्यातून साधारण एक तृतीयांश चौरस मीटर कामाचा भाग मिळतो. तीन पुरतील, चौथं हातचं. आज लिहिताना फार शहाणा हिशेब वाटतोय.

४ नोव्हेंबर

भिजत घातली. कारखान्यातून आणलेले प्लास्टिकचे पिंप जनरेटरच्या शेडमागे ठेवलेत. घराच्या मागच्या अंगणात ठेवणार होतो, पण "अहो, एकतर ते इथे राहील नाहीतर मी," असं ऐकायला मिळालं.

खुणेसाठी मार्कर वापरला तो दुपारपर्यंत धुऊन गेला. आता शेपटीकडच्या कडेला सुरीने खाचा पाडल्यात: एक खाच, दोन, तीन, चार. या खाचा शेवटपर्यंत टिकतात आणि बोटांनी अंधारातही मोजता येतात. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ताजी कातडी संध्याकाळपर्यंत मऊ झाली. मिठाचं (दोन नंबर) अजून पुठ्ठा. त्याला दोन दिवस आणि तीन वेळा पाणी बदलावं लागलं.

६ नोव्हेंबर

केस काढायला राख आणि कात्सी. कात्सी म्हणजे निळीच्या खड्ड्यांचा तळाचा गाळ. कोफर माताच्या रंगाऱ्यांकडून येतो. (‘माता’ ऐकून हात जोडू नका. हौसात त्याचा अर्थ बायका. कोफर माता, बायकांची वेस.) ते खड्डे १४९८ पासूनचे असं तिथे सांगतात. रंगाऱ्याचा कचरा कातडीवाल्याचा माल होतो, फुकट काही जात नाही.

लाकडाची राख चाळून, कात्सी कुटून, पाण्यात पातळ पिठल्यासारखं केलं. कातडी बुडवून वर दगड. दिवसातून दोनदा काठीने ढवळायचं. हातमोजे घालाच. मी पहिल्या दिवशी घातले नाहीत, आणि बोटांची कातडीही कमावायला निघाली.

७ नोव्हेंबर

आजची चूक निव्वळ घाईची. तीन नंबरच्या पोटाकडचे केस चिमटीत आले म्हणून मला वाटलं झालं. सुरी चालवली. पोटाकडचे आले, पाठीवरचे येईनात, मी जोर लावला आणि केसांबरोबर वरची गुळगुळीत साल निघाली. तळहाताएवढे दोन पट्टे. तिथे आता कातडं कापडासारखं भुरभुरीत दिसतं आणि रंग घेतला तरी तसंच दिसणार.

बाबांना फोटो दाखवला. त्यांनी फोटोकडे फार वेळ बघितलं नाही. सांगितलं ते असं: परीक्षा मानेवर आणि पाठीच्या कण्यावर घ्यायची, तिथलं कातडं सगळ्यात जाड. नुसता अंगठा पुढे सरकवला आणि केस त्याच्यापुढे लोळले तर काढ. ओढावे लागले तर झाकून ठेव आणि घरी जा. साय हाकुरी. सबुरी, दुसरं काय. हा शब्द मी या महिन्यात किती वेळा ऐकला त्याची मोजदाद नाही.

९ नोव्हेंबर

आज अंगठा सरकला. बाकीच्या तिघांचे केस अर्ध्या तासात गेले. परवा जे तासभर लढून निघत नव्हतं ते आज भाताच्या पेजेवरच्या सायीसारखं निघालं.

मग उलटून मांस तासायचं. बाबांकडे त्यासाठी झिजून गुळगुळीत झालेला लाकडाचा ओंडका आणि दोन मुठींची वाकडी सुरी आहे. मी आठ इंची पीव्हीसी पाइप उभा अर्धा चिरला, एक टोक पोटाशी, दुसरं जमिनीवर, आणि कातडं त्यावर पसरलं. पाइप झकास. सुरी मात्र घरची घेतली होती ती चुकली. टोकदार सुरीने एक नंबरला शेपटीजवळ भोक पडलं. नंतर वर्कशॉपमध्ये गाडीच्या पाटा-स्प्रिंगचा तुकडा घासून बोथट धारेची, दोन्ही बाजूंना मूठ असलेली सुरी बनवली. धार कापायला नको, लोटायला हवी. पाते कातड्याशी जवळजवळ काटकोनात धरायचं आणि अंगाचं वजन टाकायचं, मनगटाचं नाही.

एका कातड्याला दीड तास. पाठ गेली.

१० नोव्हेंबर, रविवार

सगळ्यात घाण आणि सगळ्यात नाजूक दिवस. कबुतराची विष्ठा.

राखेतून निघालेलं कातडं फुगलेलं आणि रबरी असतं. ते खाली बसवायला, मऊ करायला विष्ठेचं कोमट पाणी. बाबांकडून एक पिशवी घेतली, ५०० नायरा. आधी कातडी चार-पाच पाण्यांतून धुतली, मग वीस लिटर पाण्यात दोन वाट्या विष्ठा कालवून त्यात सोडली. वेळ किती, असं मी विचारलं तेव्हा बाबा हसले. दर तासाला अंगठ्याने दाबून बघ म्हणाले. ठसा लगेच भरून आला तर थांब, ठसा राहिला तर काढ. ठसा राहिला आणि कातडं चिकट लागलं, तर तुला उशीर झाला.

संध्याकाळी सहाला ठसा राहायला लागला. तेवढ्यात वीज गेली, कारखान्यातून फोन आला, एक्स्ट्रूडरमध्ये माल अडकलाय. मी अंधारातच पिंपात हात घालून कातडी काढली, साध्या पाण्यात टाकली आणि पळालो.

तीनच काढली होती.

११ नोव्हेंबर

चार नंबर रात्रभर विष्ठेच्या पिंपाच्या तळाशी. सकाळी उचललं तर हाताला शेवाळ लागावं तसं. वरची साल बोटाने पुसली जात होती, आणि मानेकडून वर धरलं तर स्वतःच्या वजनाने फाटलं. बाभळीत घालून बघावं का, असा मोह झाला. बाबांनी एका शब्दात निकाल लावला: "बा क्याऊ." चांगलं नाही. फेकून दे.

खाचा पाडल्या होत्याच की. अंधारात बोटांनी मोजायच्याच होत्या. चार खाचांचं कातडं हातात आलंच नाही हे कळायला दहा सेकंद लागले असते.

१२ नोव्हेंबर

आता बगारुवा. शेंगा सुकलेल्या घ्यायच्या, खलात कुटायच्या, बिया चाळून टाकायच्या. कस (कातडं कमावणारा तुरट अर्क) टरफलात असतो, बियांत नाही. शेजारी बसलेल्या बाया गाण्याच्या ठेक्यावर कुटत होत्या. मी पाच मिनिटं कुटलं आणि मुसळ परत दिलं. सहा मुदू पूड घेतली, मुदूला ८०० नायरा. (मुदू म्हणजे बाजारातलं मापाचं वाडगं.) ओल्या कातड्यांच्या वजनाएवढी पूड लागते असं धरा.

आणि आता या सगळ्या प्रकरणातली मुख्य चूक.

मला वाटलं, कस जितका जास्त तितकं काम लवकर. एक आणि दोन नंबरसाठी पाच मुदू पूड एकाच पिंपात घालून दाट, चहाच्या रंगाचं पाणी केलं आणि कातडी बुडवली. तासाभरात अशी सुंदर तांबूस झाली की मी फोटो घरी गावाला पाठवले. तीन नंबरला एकच मुदू पूड उरली, म्हणून त्याला नाइलाजाने पातळ पाणी मिळालं.

१३ नोव्हेंबर

बाबा स्वतः आले. त्यांच्या नातवाच्या मोटरसायकलवर. पिंपात हात घातला, एक नंबरच्या मानेवरच्या सुरकुत्या बघितल्या, आणि कमरेची छोटी सुरी काढून कडेचा नखाएवढा तुकडा कापला. काप मला दाखवला. वर तांबूस रेघ, खाली तांबूस रेघ, मध्ये पांढरीफेक पट्टी, कच्च्या खोबऱ्यासारखी.

दाट पाण्याने बाहेरची बाजू एकदम आवळून घेते, आणि मग आत कस शिरायला वाट राहत नाही. वरून कमावलेलं, आतून कच्चं. असं कातडं वाळलं की मधून कडक होतं आणि ओल लागली की मधूनच सडतं. तीन नंबर, ज्याला मी सावत्र वागणूक दिली होती, त्याचा काप एकसारखा फिकट गुलाबी होता. पातळ पाणी आतपर्यंत पोचलं होतं.

शिवाय दोन नंबरवर निळे-काळे डाग. का? तर रात्री पिंप गळत होतं म्हणून मी ते कातडं दोन तास लोखंडी बादलीत ठेवलं होतं. बाभळीचा कस आणि लोखंड एकत्र आले की शाईच होते. बाबांनी बादलीला पायाने ढकललं, काही बोलले नाहीत.

उपाय: दोन्ही कातडी साध्या पाण्यात धुतली. मग अगदी पातळ बगारुवा, आणि हाताने नाही, पायाने. पिंपात उभं राहून द्राक्षं तुडवल्यासारखं अर्धा तास तुडवायचं, अर्धा तास सोडायचं. तुडवल्याने कातडं उघडतं, मिटतं, पाणी आत ओढतं. रोज पाणी थोडं दाट करत न्यायचं.

बाबा जाताना उंबऱ्यात बसून फुरा दा नोनो प्यायले. बाजरीचे गोळे आंबट दुधात कालवलेले. मी ताकातली बाजरीची घाट खाऊन वाढलेला माणूस. आम्हा दोघांनाही एकमेकांचं पदार्थवर्णन ऐकून फार आश्चर्य वाटलं नाही. बोलता बोलता मोटेचा विषय निघाला. विहिरीवरची चामडी बादली इथे गूगा, पाण्याची कातडी पिशवी साल्का. आमची मोट, आमची पखाल. आता दोन्हीकडे रबर आणि प्लास्टिक. प्लास्टिक मीच बनवतो, हे मी त्यांना सांगितलं नाही.

१६ नोव्हेंबर

रोज ऑफिसआधी आणि नंतर तुडवणं. घोट्यापर्यंत पाय तपकिरी झालेत, साबणाने जात नाहीत. तीन नंबर कालच झालं. एक नंबरचा काप आज बघितला, पांढरी रेघ केसाएवढी उरलीय. दोनला अजून दोन दिवस. म्हणजे घाईने एक दिवस वाचवायला गेलो आणि चार घालवले. मानेवरच्या सुरकुत्या मात्र राहिल्या, त्या जायच्या नाहीत.

१७ नोव्हेंबर, रविवार

धुऊन, निथळून, शेंगदाण्याचं तेल. इकडे मान ग्याडा म्हणतात, गल्लोगल्ली मिळतं. ओलसर असतानाच दोन्ही बाजूंनी चोळायचं. कोरड्याला चोळलं तर वर बसतं.

एक नंबर फळीवर ताणून उन्हात ठेवलं. हरमटान सुरू झालाय, सहाराकडून येणारा कोरडा धुळीचा वारा. ओठ फुटतात तर कातड्याचं काय. दोन तासांत ठणठणीत, खाकऱ्यासारखं. वाकवलं तर मोडेल असं वाटलं.

परत ओलं केलं, परत तेल, या वेळी सावलीत, शेडच्या भिंतीआड. पूर्ण वाळायच्या आत, हाताला थंड लागतं तेव्हा, खुर्चीच्या पाठीच्या कडेवरून पुढे-मागे ओढायचं. सगळ्या दिशांनी, बाहू दुखेपर्यंत. तेव्हा ते कातडं कापडासारखं पडायला लागलं. एका कातड्याला पाऊण तास ओढणं. ही पायरी कोणी सांगत नाही, कारण ज्याला येतं त्याला ती पायरी वाटतच नाही.

२० नोव्हेंबर

तांबडा रंग. सगळा डौल याचाच आहे. युरोपात ज्याला मोरोक्को लेदर म्हणत, त्यातलं बरंचसं या भागातून, कानो आणि सोकोटोकडून, उंटांवर सहारा ओलांडून उत्तर किनाऱ्याला जायचं. गिऱ्हाइकाने ज्या देशात घेतलं त्याचंच नाव मालाला चिकटलं. जर्मन प्रवासी हाइनरिख बार्थ १८५१ मध्ये कानोत होता, त्याने इथली तांबडी कातडी त्रिपोलीपर्यंत जातात असं लिहून ठेवलंय. रंग ज्वारीच्या ताटांतून काढतात हेही त्याने नोंदवलंय.

तीच ज्वारी आजही. कारान दाफी नावाची जात, कणसासाठी नाही, रंगासाठी लावतात. ताटाला गुंडाळलेल्या पानांच्या म्यानात रंग असतो, सुकल्यावर काळपट-लाल. जुडी ४०० नायरा. ती कुटायची, पाण्यात घालायची आणि कानवा टाकायचा. कानवा म्हणजे सोड्याचा खडा, आपल्या पापडखाराचा भाऊ, चाड सरोवराकडून येतो. खार पडला की पाणी बघता बघता लाल होतं.

किती कानवा? बाबा म्हणाले चिमूट. मला लाल हवा होता म्हणून मी मूठ घातली. तीन नंबरच्या कडेवर लावून बघितलं. रंग आला तो मरून, जवळजवळ वांग्याचा, आणि कातडं तिथे ताठ व्हायला लागलं. खार जास्त झाला की बाभळीचा कस सुटून येतो आणि कातडं काळवंडतं. नशीब, फक्त कडेवर होतं. ती कड कापून टाकली.

दुसरं पाणी: दोन जुड्या, सुपारीएवढा कानवा, चार लिटर. कातडं मधोमध दुमडायचं, मांसाकडची बाजू आत, म्हणजे तिला रंग लागत नाही. चिंधीने गोल गोल, भरभर. थांबलात तिथे डाग. तीन हात लावले. शेवटी चिंचेचं पाणी (चिंच इकडे त्सामिया) चोळलं आणि तो रंग खुलला. कुंकवासारखा झाला असं बायको म्हणाली. शेडपाशी ती पहिल्यांदाच आली होती.

२२ नोव्हेंबर

दोन नंबर डागाळलेलं, मग सगळंच काळं करू. चुकून जे झालं तेच आता ठरवून. लेथवरच्या लोखंडाच्या कात्रणी चिंचेच्या पाण्यात गेल्या आठवड्यापासून भिजत ठेवल्या होत्या. ते पाणी चिंधीने लावलं, बाभळीच्या कसाने कातडं दोन मिनिटांत काळं ठिक्कर. बाबांच्या गल्लीतही लोखंडाच्या मळीवर काळा करतात. लावल्यानंतर भरपूर धुवा आणि तेल द्या. लोखंडाचं पाणी आत राहिलं तर काही वर्षांत कातडं भुगा होतं.

२४ नोव्हेंबर, रविवार

कापणी. वरचं वर्तुळ आठ पाकळ्यांचं, चार तांबड्या, चार काळ्या. परीघ १५७ सेंमी, म्हणून प्रत्येक पाकळी बाहेरून १९.६. पुठ्ठ्याचा साचा, रापीने कापणी.

आठही शिवून झाल्यावर लक्षात आलं की शिवणीचं अंतर धरलंच नाही. प्रत्येक पाकळी दोन्ही बाजूंनी सात-सात मिलिमीटर शिवणीत गेली. परीघ १४६ वर आला. बाजूची पट्टी मात्र व्यवस्थित १५७ ची. इंजिनिअर माणूस, वीस वर्षं ड्रॉइंग वाचतोय. पट्टीचा एक जोड उसवून ११ सेंमी काढून टाकले. तुमतुम ठरल्यापेक्षा लहान होणार.

शिवताना आरीने आधी भोक, मग मेण लावलेला दोरा दोन सुयांनी दोन्हीकडून. भोकं एका वेळी दहाच पाडा. मी सगळी पाडून ठेवली होती, रात्रीत कातडं सुकलं आणि निम्मी मिटली.

नक्षीचा बेत फसला. इथले दुकावा (चामड्याचं शिवणकाम करणारे) रंगवलेल्या कातड्याची वरची साल सुरीच्या टोकाने रेघेरेघेने सोलून काढतात, खालून फिकट कातडं दिसतं आणि नक्षी उमटते. मी सोललं तर खालीही तांबडंच. तीन हातांनी रंग आत मुरला होता. त्यांचा रंग पृष्ठभागावर बसतो कारण ते एकदाच, पटकन लावतात.

२७ नोव्हेंबर

तळासाठी कातडं उरलं नाही. चार नंबर असतं तर उरलं असतं. कोफर वाम्बाईला जाऊन कमावलेलं, न रंगवलेलं एक घेतलं, साडेतीन हजार. हातात घेतल्यावर फरक कळला. एकसारखी जाडी, मानेवर सुरकुती नाही, पोटाला ढिलेपणा नाही. दुकानदाराला माझं तांबडं दाखवलं. त्याने नखाने ओरखडलं, वास घेतला आणि विचारलं, "कोणाकडून शिकलास?" बाबांचं नाव सांगितल्यावर म्हणाला, "मग अजून शिकतोयस."

त्याच दुकानात नायजरमधल्या अगादेझकडून आलेल्या पिशव्या होत्या, हिरव्या पट्ट्यांच्या, लांब झालरींच्या. त्या सहारातल्या तुआरेग लोकांच्या. त्यांच्यात चामड्याचं काम बायका करतात, लोहारांच्या घरातल्या. इथे हौसांत कमावणं-शिवणं दोन्ही पुरुषांचं, बापाकडून मुलाकडे. दुकानदाराला मी विचारलं, बायका का नाही? तो म्हणाला, तिकडे पुरुष का नाहीत ते आधी त्यांना विचार.

३० नोव्हेंबर

भरण सावरीच्या कापसाचं. झाड इथे रिमी, आपली पांढरी सावर. पाच हजारांचा कापूस गेला आणि तरी मध्ये बसल्यावर खड्डा पडतोय. हलका कापूस हवा खातो आणि दबतो. मधोमध जुन्या चादरींची गुंडाळी कोंबली, भोवती कापूस. आता बसतं ठीक.

बायकोची पांढरी ओढणी रात्री त्याच्यावर राहिली. सकाळी ओढणीला तांबडी वर्तुळं. रंग कोरड्या कपड्याने घासून घासून जादाचा काढायला हवा होता, मग पुन्हा तेल. ते आज केलं. तीन फडकी लाल झाली, चौथं जवळपास स्वच्छ.

१ डिसेंबर, रविवार

खर्च, नायरांत: कातडी ६,०००. राख-कात्सी १,०००. विष्ठा ५००. बगारुवा ४,८००. तेल ४,०००. कारान दाफी आणि कानवा १,८००. कापूस ५,०००. तळाचं कातडं ३,५००. दोरा, मेण १,२००. एकूण २७,८००, म्हणजे १,४०० रुपयांच्या आसपास. बाबांनी पैसे घेतले नाहीत, त्यांना दिलेली साखर आणि साबण यात नाही. बाजारात न भरलेला तयार तुमतुम १८,००० ला मिळत होता. वेळ अंदाजे सत्तर तास, त्यातले वीस तरी दुरुस्तीचे.

पुन्हा केलं तर पहिल्या दिवशी पातळ पाण्याने सुरुवात, लोखंडाची भांडी शेडच्या बाहेर, आणि विष्ठेच्या दिवशी फोन बंद.

दुपारी तुमतुम मोटरीत घालून बाबांकडे नेला. ते कातडं तासत होते. "सन्नू दा आयकी," म्हणालो, काम करणाऱ्याला इकडे असंच म्हणतात. त्यांनी हात पुसले, तुमतुम उलटा केला, आधी तळ बघितला आणि म्हणाले, "हे तुझं नाही." मग सरळ करून पाकळ्यांवरून तळहात फिरवला, तीन नंबरच्या फाटक्या सालीपाशी थांबला, पुढे गेला. शेवटी अंगठ्याने प्रत्येक शिवण दाबत गेले. पाचव्या-सहाव्या पाकळीच्या जोडावर एक टाका उसवला.

त्यांनी तो तसाच ठेवून तुमतुम परत दिला, आणि परत तासायला बसले. मेण संपलंय, ते आणायचं आहे.